राजिम : तीन काठांचे गाव

रायपूरहून आग्नेयेकडे निघालेला रस्ता अभनपूर मागे टाकून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर महानदीशी येऊन थबकतो. पुलाच्या अलीकडे नवापारा, पलीकडे राजिम. उन्हाळ्याच्या दिवसांत ह्या पुलावरून खाली पाहणाऱ्या नवख्या माणसाची थोडी निराशाच होते. नदीचे नाव महानदी, आणि नजर पोहोचेल तेथवर पसरलेली असते ती वाळू. त्या वाळूतून पाण्याचे दोनतीन निळसर पट्टे वळसे घेत जातात. पात्राच्या मध्यावर एका उंच दगडी ओट्यावर एक देऊळ एकटेच उभे असते. एवढ्या कोरड्या जागी इतका उंच ओटा कशासाठी बांधला असावा, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. त्याचे उत्तर भाद्रपदात मिळते. तेव्हा हीच वाळू दिसेनाशी होते, गढूळ पाण्याचा लोट एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पोहोचतो आणि देवळाचा ओटा बुडून कळस तेवढा पाण्यावर तरंगताना दिसतो.

राजिम हे गाव काही हजार वस्तीचे. पलीकडचे नवापारा त्याहून मोठे, व्यापारी, भाताच्या गिरण्यांचे. तेथे पूर्वीपासून नगरपालिका. राजिमचा कारभार मात्र बराच काळ नगर पंचायतीच्या हाती राहिला. नगर पंचायत ही संज्ञा आपल्या घटनेत चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने, म्हणजे १९९२ च्या कायद्याने आली. जे गाव धड खेडे उरले नाही आणि ज्याला शहरही म्हणवत नाही, अशा संक्रमणातील वस्तीसाठी ही योजना आहे. राजिमला ती नेमकी लागू पडते. दिवाबत्ती, नळ, गटारे, बाजाराचा कर ह्या बाबतीत ते शहर आहे. पण मुख्य रस्ता सोडून दोन गल्ल्या आत शिरले की गोठे लागतात, कवेलूंची घरे लागतात आणि अंगणात भात वाळत पडलेला दिसतो.

प्रशासनाच्या दृष्टीने ह्या ठिकाणाची खरी गंमत तर पुढेच आहे. देवळाच्या ओट्यावर उभे राहिले की तीन काठ दिसतात. एका काठावर राजिम, दुसऱ्यावर नवापारा आणि महानदी व पैरी ह्या दोन प्रवाहांच्या बेचक्यात तिसरा काठ. तेथे लोमश ऋषींचा आश्रम म्हणून ओळखली जाणारी झाडीची जागा आहे. १९९८ पर्यंत हे तिन्ही काठ एकाच रायपूर जिल्ह्यात होते. त्या वर्षी धमतरी जिल्हा वेगळा झाला आणि बेचक्यातील काठ तिकडे गेला. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले. पुढे १ जानेवारी २०१२ पासून गरियाबंद जिल्हा अस्तित्वात आला आणि राजिम त्यात पडले. नवापारा रायपूर जिल्ह्यातच राहिले. नकाशावर हद्द आखणाऱ्याला नदीइतकी सोयीची रेघ दुसरी मिळत नाही, हे खरेच. पण जेथे नदी हेच लोकांचे अंगण आहे, तेथे अंगणाच्या मधोमध कुंपण पडल्यासारखे होते. सकाळी राजिमची बाई नवापाऱ्याच्या बाजारात भाजी विकते, तेव्हा ती जिल्हा ओलांडून गेलेली असते. तिला त्याचे काही वाटत नाही. अडचण येते ती वाळूच्या ठेक्याच्या, पुरात वाहून गेलेल्याच्या पंचनाम्याच्या आणि मेळ्याच्या बंदोबस्ताच्या वेळी.

ह्या संगमाला त्रिवेणी म्हणतात. महानदी, पैरी आणि सोंढूर अशी तीन नावे सांगितली जातात. भूगोलाच्या काटेकोर हिशेबाने सोंढूर ही वरच्या अंगालाच पैरीला मिळून जाते आणि राजिमला येतात ते दोनच प्रवाह. प्रयागलाही तिसरी नदी डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा ह्या गोष्टीवरून कोणी राजिमकरांशी वाद घालू नये. महानदी धमतरी जिल्ह्यातील सिहावाच्या डोंगरात उगम पावते. पैरी गरियाबंदच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलखातून येते. संगमापर्यंत महानदी ही एक साधी डोंगरी नदी असते. तिच्या नावातील मोठेपणा तिला राजिमपासून पुढे लाभू लागतो.

गावाचे नाव सर्वदूर झाले ते राजीवलोचनाच्या देवळामुळे. कमलनेत्र विष्णूचे हे देवालय मध्यभारतातील जुन्या मंदिरांपैकी एक होय. आवाराच्या चार कोपऱ्यांत चार लहान देवळे, मध्ये मुख्य देवालय, पुढे स्तंभांचा मंडप आणि त्या स्तंभांवर गंगा, यमुना, वराह, नरसिंह इत्यादींच्या पुरुषभर उंचीच्या मूर्ती. मंडपाच्या भिंतीत दोन शिलालेख बसवलेले आहेत. त्यांतला एक नलवंशीय राजा विलासतुंग ह्याचा. त्यावर वर्ष नाही; परंतु अक्षरवटिकेवरून तो इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या आसपासचा ठरतो. ह्या लेखाचे वाचन करून तो विद्वानांपुढे ठेवण्याचे श्रेय नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी ह्यांच्याकडे जाते. दुसरा लेख जगपाल नावाच्या सरदाराचा. रतनपूरच्या कलचुरी राजांचा हा सेनापती. त्यात कलचुरी संवत ८९६, माघ शुद्ध अष्टमी, बुधवार अशी मिती दिलेली आहे. गणिताने ती ३ जानेवारी ११४५ ह्या दिवसाशी जुळते. जगपालाने रामाचे देऊळ बांधल्याचे आणि देवाच्या नैवेद्यासाठी एक गाव दिल्याचे त्यात नमूद आहे. आजही गावची मोठी यात्रा माघी पौर्णिमेला, म्हणजे ह्या तिथीनंतर अवघ्या आठवड्याने सुरू होते. हा केवळ योगायोगही असू शकेल.

इतिहासाचा धागा नागपूरशी जुळतो तो मात्र योगायोगाने नव्हे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर ओरिसा-बंगालकडे जाताना रतनपुरावर चालून गेले आणि तेथील हैहय राजाने फारसा प्रतिकार न करता शरणागती पत्करली. रायपूरची धाकटी शाखा तेव्हा शिल्लक होती. १७५० च्या सुमारास तिच्या अमरसिंह नावाच्या राजाला बाजूला सारण्यात आले आणि उपजीविकेसाठी रायपूर, राजिम व पाटण हे तीन परगणे सात हजार रुपये वार्षिक खंडणीवर त्याच्याकडे ठेवण्यात आले. पुढे बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन राहिले, तेव्हा तेही काढून घेतले गेले. बिंबाजींनी १७८७ पर्यंत म्हणजे मृत्यूपर्यंत ह्या प्रदेशाचा कारभार पाहिला. दसऱ्याला सोने वाटण्याची चाल आणि दप्तरात मोडी लिपी ह्या दोन गोष्टी त्यांच्या काळी इकडे रुजल्याचे सांगतात. मोडी गेली, सोने राहिले. मराठी अंमलाविषयी छत्तीसगढच्या इतिहासकारांचे मत एकजिनसी नाही. बिंबाजींबद्दल ते बरे बोलतात. त्यांच्यामागून आलेल्या सुभेदारांबद्दल मात्र तसे बोलत नाहीत, आणि त्याला कारण आहे. नागपुरात बसून सुभ्याचे उत्पन्न पाहणारा धनी आणि मुदत संपण्याआधी खर्च भरून काढू पाहणारा सुभेदार ह्यांच्या कचाट्यात रयत सापडली होती. मराठी माणसाने हा भाग वगळून बाकीचा वाचू नये.

राजिमच्या लोकांना जगपालाचा शिलालेख वाचता येत नसे. पण जगपाल त्यांना ठाऊक आहे. त्यांच्या कथेत तो राजा जगतपाल आहे, आणि कथेची नायिका आहे राजिम नावाची तेलीण. ती डोक्यावर तेलाचे भांडे घेऊन विकायला निघाली असता नदीच्या वाटेत एका दगडाला ठेच लागून पडली. भांडे उपडे झाले. घरी सासू काय म्हणेल ह्या भीतीने ती रडत बसली. मग पाहते तो रिकामे भांडे तेलाने भरलेले. दिवसभर विकूनही ते सरेना. घरच्या माणसांनी तो दगड उकरून काढला, तेव्हा ती विष्णूची मूर्ती निघाली. मूर्ती घाण्याजवळ ठेवली आणि घराला बरकत आली. पुढे राजाला स्वप्न पडले. त्याने देऊळ बांधले आणि मूर्ती मागितली. तेलीण देईना. मूर्तीच्या भारंभार सोने देण्याचे ठरले. पण राजाचा खजिना तराजूत चढवला तरी पारडे हलेना. अखेर तेलिणीच्या नाकातला सोन्याचा दागिना ठेवला तेव्हा पारडी समतोल झाली. तिने दुसरे काही मागितले नाही. देवाच्या नावाआधी आपले नाव लागावे, एवढेच मागितले.

देऊळ जगपालाच्या आधी निदान तीनचार शतके उभे होते, हे शिलालेखांवरून उघड आहे. गावाचे नाव जगपालाच्या राजमाल ह्या कुलनामावरून पडले असावे, असेही काही अभ्यासकांनी सुचवले आहे. तरीही ह्या कथेला जागा आहे आणि ती दगडात आहे. मुख्य देवालयाच्या आवारात राजिम तेलिणीचे स्वतंत्र देऊळ असून त्यातील शिळेवर चंद्र, सूर्य, हात आणि बैल जुंपलेला तेलाचा घाणा कोरलेला आहे. चंद्र, सूर्य आणि हात ही सतीशिळेची खूण होय. म्हणजे तेली समाजातील कोणी स्त्री खरोखरच येथे सती गेली असावी आणि तिची आठवण कालांतराने देवाच्या कथेत मिसळली असावी. छत्तीसगढात तेली म्हणजे साहू समाज संख्येने मोठा आहे. त्याची भावना ह्या शिळेशी जडलेली आहे. ७ जानेवारीला राजिममातेची जयंती साजरी होते आणि खेड्याखेड्यांतून लोक येतात. राजाच्या देवळात आपल्या घराण्यातल्या बाईचे नाव देवाच्या आधी घेतले जाते, ही गोष्ट त्यांना सनदेसारखी वाटते. ह्या देवळाचे पुजारीही ब्राह्मण नसून क्षत्रिय आहेत, हे येथे सांगितले पाहिजे. नैवेद्याला तांदळाच्या पिठाची तूपसाखर घातलेली पिडिया असते.

नदीच्या मध्यावरील देऊळ कुलेश्वर महादेवाचे. सीतेने वनवासात वाळूचे लिंग करून येथे पूजा केली, अशी श्रद्धा आहे. ओटा अष्टकोनी आहे. प्रवाहाला सपाट भिंत आडवी न घालता कोन पुढे केला, तर पाणी दोहों अंगांनी फाटून जाते. बांधणाऱ्या कारागिराला हे पक्के ठाऊक असले पाहिजे, कारण अनेक शतकांच्या पुरांनी तो ओटा हललेला नाही. काठावर मामाचे देऊळ आहे. पूर चढू लागला की नदीतला भाचा, म्हणजे कुलेश्वर, ओरडून म्हणतो, ‘मामा, मी बुडालो, वाचव.’ पाणी मामाच्या देवळाच्या पायांना लागले की ओसरू लागते. म्हणून मामा-भाच्यांनी एका नावेत बसू नये, असा इकडे संकेत आहे.

ही कथा ऐकणाऱ्या मराठी माणसाला ती गमतीची वाटेल. पण छत्तीसगढात मामा-भाच्याचे नाते आपल्याकडच्यासारखे नाही. आपल्याकडे भाचा मामाच्या पाया पडतो. तेथे मामा भाच्याच्या पाया पडतो. कौसल्या ही दक्षिण कोसलाची, म्हणजे ह्याच मुलखाची लेक. तेव्हा राम हा सगळ्या छत्तीसगढचा भांचा झाला, आणि बहिणीच्या प्रत्येक मुलात लोक रामाचा अंश पाहू लागले. पांढऱ्या मिशांचा शेतकरी पाचसहा वर्षांच्या पोरापुढे वाकून नमस्कार करताना पाहिला की परक्याला क्षणभर उलगडा होत नाही. भांच्याला जेवू घालणे, त्याला दान देणे हे पुण्याचे समजतात. भांच्याला नांगराला जुंपू नये, त्याच्यावर हात उगारू नये, हे न लिहिलेले कायदे आहेत.

नात्यांचा दुसरा एक प्रकार येथे आहे, त्याला आपल्याकडे नाव नाही. दोन मित्र किंवा दोन मैत्रिणी देवासमोर प्रसाद देऊनघेऊन एकमेकांशी ‘महापरसाद’ बदतात. पुरीच्या जगन्नाथाचा प्रसाद त्यासाठी उत्तम समजतात. पण गंगाजल, भोजलीचे अंकुर किंवा दवण्याची पाने ह्यांनीही मैत्री बदता येते. ह्या विधीनंतर ती दोघे जन्मभर एकमेकांना नावाने हाक मारीत नाहीत. ‘महापरसाद’ हीच हाक. दोन्ही घरांत लग्नेकार्ये, सुतक, देणेघेणे सख्ख्या नात्याप्रमाणे चालते; आणि विशेष असे की, जात आड येत नाही. एका जातीच्या माणसाचा दुसऱ्या जातीचा महापरसाद असणे ही खेड्यांत सामान्य गोष्ट होती. पुरीचा प्रसाद जातिभेद मानीत नाही, ह्या समजुतीचा तो आधार. माघी पौर्णिमेला खुद्द जगन्नाथ पुरीहून राजिमला येतो, असे येथील लोक मानतात. पुरीची यात्रा राजिमला आल्यावाचून पुरी होत नाही, असेही म्हणतात.

मित्राच्या घरी जात आड येत नसे. देवळाच्या दाराशी मात्र येत असे. ह्या विसंगतीशी ज्याने झुंज घेतली तो माणूस राजिमच्याच पंचक्रोशीतला. पंडित सुंदरलाल शर्मा २१ डिसेंबर १८८१ रोजी राजिमजवळच्या चमसूर गावी एका सुस्थित ब्राह्मण कुटुंबात जन्मले. त्यांनी छत्तीसगढीत काव्य लिहिले, तेही अशा काळी की ह्या बोलीत गंभीर ग्रंथरचना करता येते हे सुशिक्षितांना पटत नव्हते. ‘छत्तीसगढी दानलीला’ हे त्यांचे काव्य घरोघर गेले. ह्याच सुमारास, १९०० मध्ये, पेंड्रा येथून माधवराव सप्रे ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढीत होते आणि रामराव चिंचोलकर व रायपूरचे वामनराव लाखे त्यांच्या जोडीला होते. परप्रांतात स्थिरावलेली ही मराठी माणसे तेथील भाषेची सेवा करीत होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. शर्मांनी स्वदेशीच्या चळवळीत दुकाने काढली, ती तोट्यात गेली, घरची मिळकत त्यात खर्ची पडली. १९२२ मध्ये रायपूरच्या तुरुंगात असताना त्यांनी हस्तलिखित पत्रिका चालवली आणि तिचे नाव ठेवले ‘श्रीकृष्ण जन्मस्थान’. तुरुंगाला हे नाव देण्यात जो मिस्कीलपणा आहे, तो त्यांच्या स्वभावाचा होता.

सतनामी आणि इतर अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींत त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. १९१८ च्या सुमारास त्यांनी कहार समाजाच्या राजीवलोचन मंदिरातील प्रवेशासाठी प्रयत्न केले आणि २३ नोव्हेंबर १९२५ रोजी अस्पृश्य बांधवांचा समूह बरोबर घेऊन ते त्या मंदिरात गेले, अशी नोंद आहे. ह्या तारखेचे महत्त्व मराठी श्रोत्यांना वेगळे सांगायला नको. महाडचा सत्याग्रह १९२७ चा, नाशिकच्या काळाराम मंदिराचा १९३० चा, पंढरपुरासाठी साने गुरुजींचे उपोषण १९४७ चे. राजिमच्या घटनेत हजारोंचा जमाव नव्हता, वृत्तपत्रांचे वार्ताहर नव्हते. शिवाय तेथे पुढाकार ब्राह्मण सुधारकाचा होता, ज्यांचा हक्क होता त्यांनी स्वतः उभारलेला लढा तो नव्हता. नाशिकच्या सत्याग्रहाशी त्याची तुलना करताना हा फरक विसरता येणार नाही. त्याची किंमत मात्र शर्मांनी भरली. सोयऱ्याधायऱ्यांनी पाठ फिरवली. लोक त्यांना हेटाळणीने ‘सतनामी बामन’ म्हणू लागले. १९३३ च्या नोव्हेंबरात महात्मा गांधी हरिजन दौऱ्यात रायपुरास आले, तेव्हा ह्या कामात शर्मा आपल्या आधीचे आहेत, आपले गुरू आहेत, असे त्यांनी म्हटल्याचे सांगतात. २८ डिसेंबर १९४० रोजी शर्मा वारले. अस्पृश्यता पाळणे हा कायद्याने दंडनीय गुन्हा ठरायला १९५५ साल उजाडावे लागले.

शर्मांचे नाव आणखी एका लढ्याशी निगडित आहे, आणि त्याचा विषय पाणी होता. महानदीवर रुद्री येथे बंधारा घालून इंग्रज सरकारने कालवे काढले होते. धमतरीजवळच्या कंडेल गावच्या शेतकऱ्यांवर १९२० च्या पावसाळ्यात कालव्याचे पाणी चोरल्याचा आळ आला आणि साऱ्या गावावर चार हजारांहून अधिक रुपयांचा दंड बसवण्यात आला. गावाने दंड नाकारला. सरकारने गुरे जप्त करून बाजारात लिलावाला उभी केली. छोटेलाल श्रीवास्तव, सुंदरलाल शर्मा आणि धमतरीचे नारायणराव मेघावाले हे ह्या चळवळीचे पुढारी. लिलावात बोली लावायला एकही माणूस पुढे आला नाही. उपाशी गुरे सांभाळणे सरकारलाच जड झाले आणि अखेर दंड मागे घ्यावा लागला.

त्यानंतरच्या शंभर वर्षांत ह्या नदीवरचा माणसाचा हात पुष्कळ घट्ट झाला आहे. १९२३ मध्ये माडमसिल्लीचे धरण पुरे झाले. त्याच्या स्वयंचलित वक्रनलिका सांडव्यांचे अभियंत्यांना आजही कौतुक आहे. स्वातंत्र्यानंतर दुधावा, मग सत्तरीच्या दशकात महानदीवर गंगरेल आणि पैरीवर सिकासार, पुढे सोंढूरवरही धरण. ह्या पाण्यावर धमतरी-रायपूरकडील भाताची शेते हिरवी राहतात, भिलाईचा पोलाद कारखाना चालतो, रायपूर शहराची तहान भागते. ही सगळी कामे आवश्यक होती, ह्यात शंका नाही. पण त्यांचा जमाखर्च मांडताना संगमावरील गावाचा रकाना सहसा कोराच राहतो. वरच्या अंगाला साठवलेले पाणी कालव्याने शेताकडे वळले की पात्रात खाली येते ते सांडपाणी किंवा ठरवून सोडलेले पाणी. माघी पौर्णिमेच्या स्नानासाठी धरणातून पाणी सोडावे लागते. कोण्या काळी ज्या पाण्याची तिथी पंचांगावर ठरत असे, त्याचा आता लेखी आदेश निघतो.

ह्या बदलाचा भार पडला तो केवट, निषाद आणि नदीच्या वाळूत वाडी करणाऱ्या कुटुंबांवर. पावसाळा सरून पात्र उघडे पडले की ही माणसे वाळूत खड्डे घेत, त्यांत शेणखत घालीत आणि काकडी, खरबूज, कलिंदर लावीत. कलिंदर म्हणजे आपले कलिंगड. चैत्रवैशाखात महानदीच्या वाळवंटातली ही फळे रायपूरच्या बाजारात जात. ह्या शेतीला सातबारा नसतो. नदी दरवर्षी शेत पुसून टाकते आणि दरवर्षी ते नव्याने आखावे लागते. कोणती जागा कोणाची हे गावातल्या गावात ठरते. अशा शेतीला अवेळी सोडलेले पाणी एका रात्रीत बुडवते. आणि वाळूचा उपसा वाढला की लागवडीची जागाच उरत नाही. बांधकामाच्या वाळूला जो भाव आहे तो कलिंगडाला नाही. नुकसानभरपाईसाठी कागद लागतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या ह्या वाळूत राबलेल्या माणसाजवळ तो नसतो. महानदीच्या पाण्यावरून छत्तीसगढ आणि ओडिशा ह्या राज्यांत जो तंटा आहे, त्यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये लवाद नेमला. तेथे लाखो घनमीटरांचे आकडे मांडले जातात. वाळूतल्या वाड्यांचा हिशेब त्या मापात बसत नाही.

वर्षाचे पंधरा दिवस मात्र राजिम एकदम मोठे शहर होते. मेळा माघी पौर्णिमेला भरतो आणि महाशिवरात्रीला उठतो. आपल्या पंचांगाने माघ वद्य चतुर्दशीला. जुना मेळा हा शेतकऱ्यांचा. भाताची कापणी, मळणी, विक्री होऊन हाती चार पैसे आलेले असत. बैलगाड्या जोडून लोक येत, वाळूत चुली मांडीत, लग्ने ठरवीत, गोड लाह्यांचा उखरा बांधून घरी नेत. त्याच्या आधी पौष महिन्यात पंचकोशीची पायी प्रदक्षिणा होई. पटेवा, चंपारण, बम्हनी, फिंगेश्वर, कोपरा अशा पाच ठिकाणच्या शिवालयांचे दर्शन घेऊन यात्रेकरू कुलेश्वराला परत येत, आणि ही प्रदक्षिणा अद्याप चालू आहे. ह्यातील चंपारण हे वल्लभाचार्यांचे जन्मस्थान, त्यामुळे गुजरातेतील वैष्णवही तेथवर येतात.

२००५ च्या सुमारास राज्य सरकारने ह्या मेळ्याला कुंभाचे रूप दिले. साधूंचे आखाडे आले, शाही स्नान आले, मंडप आणि रोषणाई आली. पुढच्या वर्षी त्याचा कायदाही झाला. २०१९ मध्ये सरकार पालटले होते. नव्या सरकारने कायद्यात दुरुस्ती करून ‘माघी पुन्नी मेळा’ हे जुने नाव परत आणले. पुन्हा सरकार पालटले आणि २०२४ पासून ‘कुंभ कल्प’ हे नाव लागले. देवाच्या जत्रेचे नाव विधानसभेत ठरावे, हे थोडे नवलाचेच. खेड्यातल्या म्हाताऱ्यांनी ह्या सर्व काळात ‘राजिम मेला’ एवढेच म्हणणे चालू ठेवले आहे.

नावापेक्षा महत्त्वाची गोष्ट नदीपात्राची होती. मेळ्यासाठी वाळूत दरवर्षी मुरमाचे रस्ते घालीत. पंधरवड्यापुरती सोय होई. पण मुरूम मागे राही, पुराबरोबर पसरे आणि वाळूच्या थरावर बसे. वाळू पाणी मुरवते, मुरूम ते अडवतो. त्यावर झुडपे उगवतात आणि पात्र आक्रसत जाते. गावातील जाणत्या माणसांनी ह्याबद्दल पुष्कळ वर्षे तक्रार केली. अलीकडे मेळ्याचा मोठा भाग पात्राबाहेर चौबेबांध्याकडील मैदानावर नेण्यात आला आहे. त्याने नदीची काही सुटका झाली. परंतु जुन्या घाटावरच्या लहान दुकानदारांची गिऱ्हाइके दूर गेली, अशी कुरकूरही ऐकू येते. दोन्ही म्हणणी खरी आहेत.

एवढ्याशा गावाने राजकारणातही आपले वजन दाखवले आहे. श्यामाचरण शुक्ल ह्यांचा हा मतदारसंघ. मध्य प्रदेशचे मुख्यमंत्रिपद त्यांनी तीनदा भूषवले. १९७७ मध्ये त्यांना येथेच पराभूत केले ते एका भगव्या वस्त्रातील कवीने. संत पवन दीवान हे जवळच्या किरवई गावचे; भागवताचे कथाकार, छत्तीसगढीतले कवी आणि स्वतंत्र राज्याचे पुरस्कर्ते. गडगडाटी हास्यासाठी ते प्रसिद्ध होते. मंत्री झाले, पुढे खासदार झाले. पण त्यांचा मुक्काम राजिमच्या आश्रमातच असे. २ मार्च २०१६ रोजी त्यांचे निधन झाले.

पूर्वी रायपूरहून राजिमला छोटी गाडी येत असे. विसाव्या शतकाच्या तोंडाशी बंगाल-नागपूर रेल्वेने रायपूर-धमतरी असा अडीच फुटी मार्ग टाकला आणि अभनपूरहून त्याचा एक फाटा नवापारा-राजिमकडे आणला. इमारती लाकूड आणि भात नेणे हा तिचा मुख्य व्यवसाय. माणसे सवडीने जात. तिच्या मंद चालीवर छत्तीसगढीत विनोद झाले, आणि ती बंद झाल्यावर तेच विनोद लोक हळहळून सांगू लागले. रूळ उखडले गेले, बरीच वर्षे बस हेच वाहन राहिले. २०२५ मध्ये रुंद मार्गावरून राजिमपर्यंत पुन्हा गाडी सुरू झाली आहे. सकाळच्या गाडीने गावातील विद्यार्थी आणि मजूर रायपूरला जातात व दिवेलागणीला परततात. स्थानकापासून घाटापर्यंत चालत आले की समोर कुलेश्वराचा दिवा दिसतो. पावसाळ्यात पूर चढला म्हणजे तो दिवा लावायला नावाड्याने पुजाऱ्याला पोहोचवावे लागते. आणि नावेत बसण्यापूर्वी मामा-भाचे बरोबर तर नाहीत ना, हे विचारणारे लोक अजून आहेत.